हातून

सोहारला कोर्टाच्या मागच्या गल्लीत
माझं टायपिंग सेंटर आहे. पानाला पाचशे बैसा.
व्हिसा, भाडेकरार, हरवलेला पासपोर्ट,
आणि कधी कधी दुपारी, शटर अर्धं ओढून घेतल्यावर,
एखाद्याचा दयेचा अर्ज.
म्हसळ्याच्या मदरशात छड्या खाऊन अरबी शिकलो.
तीच इथं पोट भरते.

अनंता घाडीची फाईल माझ्याकडे आली
तेव्हा त्याला आत जाऊन सहा वर्षं झाली होती.
गाव मुणगे. काम टाक्या धुणं.
तेलाची रिकामी टाकी, आत उतरणारी शिडी,
शिडीवर हा, खाली नोआखालीचा मोतालिब,
आणि गाळातून वर येणारा वायू.
मोतालिबला भोवळ आली. यानं मनगट धरलं.
तेलानं माखलेलं मनगट,
भिजलेल्या साबणवडीसारखं.

आदल्या रात्री दोघं भांडले होते,
खोलीतल्या पंख्यावरून. ते बाराजणांनी ऐकलं.
टाकीतलं कुणी पाहिलं नाही.
वायू मोजायचं यंत्र कंपनीच्या कपाटात होतं,
खोक्यात, वरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेलं.
त्याची साक्ष कुणी काढली नाही.

ठाण्यात विचारलं, काय झालं?
हा रडत होता. म्हणाला,
"माज्या हातून गेलो तो."

तुम्हाला समजावून सांगायला नको.
जमीन हातून जाते. वेळ हातून जाते.
तापानं फणफणलेलं पोर हातून गेलं
म्हणून आई जन्मभर स्वतःला खाते,
आणि कुणी तिला बेड्या घालत नाही.

फाईलच्या चौथ्या पानावर, सुबक अरबीत:
आरोपी कबूल करतो की
मयत त्याच्या हाताने मेला.
खाली अनंताची सही. देवनागरीत, थरथरती,
घाडीतल्या घ-चं पोट फुटलेलं.

दुभाषा हैदराबादचा होता, माणूस वाईट नव्हता.
हे मी सगळ्यांना सांगतो.
वकिलाला सांगितलं, दूतावासातल्या बाईंना सांगितलं,
अपिलाची मुदत संपल्यावर कारकुनालाही सांगितलं.
तो म्हणाला, शब्द एकच आहे ना? मग?

जे सांगत नाही ते असं:
त्या रात्री नऊच्या सुमारास
दुभाष्याचा मला फोन आला होता.
समोर गिऱ्हाईक उभं, प्रिंटरमध्ये कागद अडकलेला.
मियाँ, तुमच्या मराठीत हातून म्हणजे?
मी म्हणालो, हातून म्हणजे हाताने.
शुक्रिया, म्हणाला.
मी कागद ओढून काढला. मधोमध फाटला.

व्याकरणात बसतं ते. आजही बसतं.
हातून चूक होते, हातून पुण्य घडतं.
मी खोटं काहीच बोललो नाही.

गेल्या महिन्यात नोआखालीहून पत्र आलं.
मुणग्यानं वर्गणी काढली होती,
देवळाचं छप्पर पुढच्या वर्षावर ढकललं,
आणि मोतालिबच्या बायकोनं माफ केलं.
माफीचा कागद मीच टाइप केला:
मी, खाली सही करणार, ज्याने मोतालिबला ठार मारले...

काचेपलीकडून, रिसीव्हर कानाला लावून,
अनंतानं तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.
मग विचारलं,
"मारूक नाय, असा लिवन माफी गावणा नाय?"
म्हटलं, नाही. तसा नमुनाच नाही.
बराच वेळ तो स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिला,
जणू तिथं काही लिहिलेलं असावं.
सही केली नाही.

पहारेकऱ्यानं वेळ संपल्याची खूण केली.
उठता उठता तो म्हणाला,
"भाई, त्या राती थंय
आपली भाषा कळणारो एकजण जरी आसतो..."

मी रिसीव्हर या कानावरून त्या कानाला नेला.
ऐकू येत नाही,
असं हातानं सांगितलं.